पहिला डाग

धाकटी ही घरातली धाकटी सून आणि कारखान्यातली डिझायनर. घरात तिचं काम काय, हे सगळ्यांना पाठ होतं. कारखान्यात ते नेमकं काय उरलं आहे, हे मात्र गेली दोन वर्षं कोणालाच धड सांगता येत नव्हतं.

पूर्वी सोपं होतं. डिझायनरने चित्र काढायचं, कटिंग मास्तरांनी ते उलटसुलट धरून "यात माणसाने शिरायचं कुठून?" असं विचारायचं, डिझायनरने रुसायचं, आणि मग दोघांनी मिळून त्या चित्रातून एक कपडा बाहेर काढायचा. दर हंगामाला नवी चित्रं, नवे कपडे, आणि मागचे उरले की ते गोदामात. मग एका सकाळी मालकीणबाईंनी सगळ्यांना गोदामात नेलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. छताला टेकलेले कपड्यांचे ढीग, त्यातले कित्येक पिशवीतून बाहेरही न आलेले. मालकीणबाई आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. यातला वाईट कपडा कुठला तो मला दाखवा, एवढंच त्या म्हणाल्या. कोणालाच दाखवता येईना. सगळे कपडे चांगले होते. पुढच्या हंगामाचे आले म्हणून ते मागच्या हंगामाचे झाले होते, इतकाच त्यांचा गुन्हा.

त्या दिवसापासून नियम बदलला. वर्षाला नवा कपडा एकच. डिझायनरने तो नुसता कागदावर काढून मोकळं व्हायचं नाही. कापड कुठून येतं, कापताना कात्रण किती पडतं, कपडा आधी कुठे झिजतो, फाटल्यावर दुरुस्त कसा होतो आणि अगदीच कामातून गेला की त्याचं काय होतं, हे सगळं त्याच्याच गळ्यात. शिवाय आठवड्यातले दोन दिवस दुरुस्तीच्या टेबलावर बसून लोकांनी परत आणलेले कपडे उसवायचे. धाकटीबरोबरची एक डिझायनर पहिल्याच आठवड्यात, मी काय ठिगळं लावायला शिकले का, असं म्हणून सोडून गेली. धाकटी राहिली. तिला उसवण्याची गोडी लागली होती. दुसऱ्याने शिवलेला कपडा उसवणं म्हणजे शेजारणीच्या घरात डोकावण्यासारखं आहे, असं ती म्हणायची. बाहेरून बघावं तर टापटीप, आणि आत सगळा पसारा.

या वर्षीचा एकुलता एक कपडा तिचा होता. थंडीत घालायचा कोट. त्याची खुबी अशी, की त्याचा प्रत्येक भाग सुटा होत होता. कोपराखालची बाही झिजली तर तेवढीच उसवून नवी लावायची, खिसा गेला तर खिसाच बदलायचा, कॉलरचंही तसंच. बाकीच्या कोटाला हातही लावायची गरज नाही. मास्तर म्हणाले, हा कोट कमी आणि मोटारीचे सुटे भाग जास्त. पण म्हणता म्हणता त्यांनी तो असा शिवला, की हातात घेतल्यावर खाली ठेववत नव्हता.

आता एकच पायरी उरली होती. कारखान्यात तिला 'अंगवळण' म्हणत. नमुन्याचे पाच कोट पाच माणसांना थंडीत रोज वापरायला द्यायचे, तीन महिन्यांनी परत घ्यायचे आणि त्यांचं काय झालं ते बघायचं. त्यात कोट उतरला तर मालकीणबाई गिरणीला कापड सांगणार आणि पुढच्या थंडीत तो दुकानांत दिसणार. नाही उतरला तर गेल्या वर्षीचाच कोट पुन्हा शिवायचा, आणि धाकटीने रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. रांगेत तिच्यामागे आणखी तिघे डिझायनर आपापली चित्रं घेऊन टपून बसले होते.

तिने चार कोट घरात दिले. सासूबाईंना एक, सासऱ्यांना एक, रोपवाटिकेत काम करणाऱ्या थोरल्या जावेला एक, आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या नणंदेला एक. पाचवा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला. नवऱ्याला मुद्दामच दिला नाही. त्याला गोणपाट घातलं तरी तो "बरं आहे" म्हणणार. मास्तरांनी बजावलं होतं, की घरच्या माणसांना देऊ नका, घरची माणसं खरं बोलत नाहीत. त्यावर धाकटी हसली होती. तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही, असं तिने त्यांना सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी, थंडी सरायला अजून थोडा अवकाश होता तेव्हा, पाचही कोट एकाच दिवशी परत आले. घड्या घातलेले, इस्त्री केलेले. बेकरीवाल्याच्या कोटाला तर साबणाचा वास येत होता.

धाकटीने ते टेबलावर पसरले आणि एकेक शिवण बोटाखालून घातली. कोपरं झिजलेली नाहीत. कॉलर काळवंडलेली नाही. एका बटणाचा धागा सैल नाही. घरी तिने प्रत्येकाला विचारलंच होतं, की रोज घातलात ना? सगळ्यांनी म्हणजे काय, घातला की, असं सांगितलं होतं. सासरे तर म्हणाले होते, की असं कापड मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. पोस्टात ते जन्मभर एकाच खाकी कोटात वावरले होते, तेव्हा त्यांचा शब्द हलका नव्हता.

मालकीणबाईंनी कोट उजेडात धरून पाहिले. मग म्हणाल्या, शुक्रवारी गिरणीला कळवते. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. मास्तरांच्या टेबलावरून जाताना, घरच्या माणसांबद्दल काय म्हणत होतात, असं विचारायची संधी तिने सोडली नाही. मास्तर इस्त्रीच्या कपड्यावर पाणी मारत राहिले.

मग नमुने दालनात टांगायचे म्हणून ती मापाची चिठ्ठी पहिल्या कोटाच्या खिशात सरकवायला गेली, आणि हात आत जाईना.

नवा कोट शिवून झाला की त्याच्या खिशाचं तोंड कच्च्या टाक्याने बंद करतात. टांगून ठेवल्यावर खिसा ओघळू नये म्हणून. हातात पडल्यावर गिऱ्हाईक पहिलं काम कुठलं करत असेल, तर तो धागा ओढून काढतं. धाकटीने दुसरा कोट ओढला. तोही बंद. तिसरा, चौथा, पाचवा. पाची कोटांच्या सगळ्या खिशांवर मास्तरांचे पांढरे, लांब, एकसारखे टाके जसेच्या तसे होते. रोज डोळ्यांसमोर असतात म्हणून तिला ते दिसलेच नव्हते. कामगाराला मशीनचा आवाज ऐकू येत नाही, तसं.

कातर हाताशीच होती. खिशागणिक एक कट, धागा ओढला की झालं. मालकीणबाई वर केबिनमध्ये, मास्तर इस्त्रीत, आणि कोट चांगला आहे यात तिला स्वतःला तरी कुठे शंका होती? धाकटीने कातर उचलली. मग ती तशीच हातात धरून, दुसऱ्या हातावर कोट टाकून जिना चढली.

"खिसे शिवलेलेच आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांचे."

मालकीणबाईंनी एका बोटाने टाका चाचपून पाहिला. "तीन महिने या लोकांनी हात कुठे ठेवले होते?"

हे लोक कोण, हे धाकटीला सांगावंच लागलं. सासूबाई, सासरे, जाऊ आणि नणंद अशी नावं एकामागून एक येत गेली, तसतसा मालकीणबाईंचा चेहरा आणखी गंभीर होत गेला. हसू आवरायची त्यांची ती पद्धत होती. घरच्यांनाच का दिलेत, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कोट घातले का नाहीत, ते विचारून या, म्हणाल्या. गिरणीला एक महिना थांबवता येईल. त्यापुढे गिरणी आपले माग दुसऱ्या कोणाला तरी देईल, आणि मग गेल्या वर्षीचाच कोट.

"एक महिना," त्या म्हणाल्या. "पण खरा."

संध्याकाळी धाकटीने चारही कोट घरच्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता एकेका खिशावर बोट ठेवलं. सर्वांत आधी नणंदेने तोंड उघडलं. ती म्हणाली, की मी खोटं बोललेले नाही, कोट रोज माझ्याबरोबर व्हॅनमध्ये होता. हँगरला. मुलांचे हात चिकट असतात. थोरलीने कबूल केलं, की ती कोट घालून रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत जायची आणि तिथे काढून, घडी घालून पिशवीत ठेवायची. सासरे तो घालून एकदा केस कापायला गेले होते. तिथे न्हाव्याने खुर्चीवर बसण्याआधी काढायला लावला आणि ते परत घालायचं विसरले. सासूबाईंनी तर कोट कागदात गुंडाळून कपाटात सर्वांत वर ठेवला होता. दार लावून आरशासमोर एकदा घातला होता, असं नणंदेने मध्येच सांगितलं, आणि तिला गप्प बसवण्यात आलं.

पण का, असं धाकटीने विचारलं तेव्हा सासूबाईंना खरोखर आश्चर्य वाटलं.

"तूच म्हणालीस ना, तीन महिन्यांनी तपासणी होणार? फाटका निघाला असता तर तिथे नाव कोणाचं गेलं असतं, माझं की तुझं?"

चौघांनी आपापल्या परीने सुनेची लाज राखली होती. धाकटीने डोक्याला हात लावला, पण तिला रागावता येईना. बेकरीवाल्याचीही तीच कथा निघाली. लग्नातला सूट सोडला तर इतका चांगला कपडा माझ्या अंगाला लागलेला नाही, पिठाजवळ कसा न्यायचा, असं तो म्हणाला. बायकोने दर आठवड्याला कोट न वापरताच धुतला होता.

दुसऱ्या दिवसापासून सगळे कोट घालायला लागले. म्हणजे, घातल्यासारखं करायला लागले. नणंद दोन्ही कोपरं पंखांसारखी उचलून व्हॅन चालवायची. वळणावर मुलं विचारायची, ताई, आपण उडणार का? थोरली रोपांना लांबून पाणी घालायची. सासरे खुर्चीला न टेकता बसायचे, जणू कोणीतरी त्यांचा फोटो काढतंय. आणि एका सकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली, तर सासूबाईंनी कोट घातला होता खरा, पण त्याला काही लागू नये म्हणून वरून आपला जुना तपकिरी स्वेटर चढवला होता.

धाकटी दारातच थांबली. स्वेटरच्या पोटावर पांढऱ्या तैलरंगाचा मोठा ओघळ होता. कधीकाळी घराची दारं रंगवली तेव्हाचा. त्या स्वेटरमध्ये सासूबाई भांडी घासायच्या, पोटमाळा झाडायच्या, जिन्यात बसून शेजारणीशी गप्पा मारायच्या. तिने विचारलं, की आई, हा स्वेटर कसा तुम्ही कधी जपत नाही?

"त्याचं आता काय जपायचं? रंग लागला तेव्हाच तो सुटला."

"सुटला म्हणजे?"

"म्हणजे माझा झाला," सासूबाई म्हणाल्या आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.

धाकटी दिवसभर दुरुस्तीच्या टेबलावर बसून हे वाक्य मनात घोळवत राहिली. समोर आलेला प्रत्येक कपडा तिने नव्या नजरेने पाहिला. ज्यांच्यावर डाग होते ते सगळे अंगावर झिजलेले, मऊ पडलेले, माणसाच्या आकाराचे झालेले. जे स्वच्छ होते ते घड्यांवर विरलेले. म्हणजे कपाटात पडून. गोदामातले ते ढीग तिला आठवले. कोट चांगला करायचं तिला शिकवलं होतं, आणि तिने तो इतका चांगला केला होता, की घालायची कोणाची छाती होईना. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

रविवारी सकाळी चहाला सगळे टेबलाशी जमले. सासूबाईंचा कोट नेहमीप्रमाणे खुर्चीच्या पाठीवर होता. धाकटीने तो उचलून टेबलावर पसरला, उजवी बाही सरळ केली आणि आपल्या कपातला घोटभर चहा तिच्यावर ओतला.

चहा कापडात हळूहळू उतरत गेला आणि त्याचा बशीएवढा डाग झाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सासूबाई साबण आणायला उठल्या. धाकटीने त्यांचा हात धरला.

"धुऊ नका, आई. आता तो सुटला."

सर्वांत आधी नणंदेच्या डोक्यात प्रकाश पडला. ती इतकी हसली, की तिच्या नाकातून चहा आला, आणि मग तशीच खाली व्हॅनकडे पळाली. परत आली तेव्हा तिच्या कोटाच्या कॉलरवर ग्रीसचा ठसठशीत अंगठा उमटला होता. सासरे आपला कोट घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ त्यांनी जागा निवडली. मग पेन काढून खालच्या कडेला मोहरीएवढा ठिपका दिला. लांबून पाहिल्यावर तो त्यांना एकटा वाटला असावा, कारण थोड्या वेळाने त्यांनी शेजारी दुसरा दिला. थोरली म्हणाली, मला इथे काही करायला नको, उद्या मी नुसती चिखलात बसते. नवऱ्याने उत्साहाच्या भरात स्वतःचा शर्ट पुढे केला. तुझा कोणी मागितलाय, असं त्याला तिघींनी एकदम विचारलं.

बेकरीवाल्याकडे धाकटी स्वतः गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, बायको आत आहे याची खात्री केली आणि पिठाने माखलेले दोन्ही पंजे अंगातल्या कोटाच्या छातीवर दाबले.

सासूबाई दोन दिवस धाकटीशी बोलल्या नाहीत. जे काही सांगायचं ते त्या भिंतीला सांगायच्या. काही लोकांना वस्तूची किंमत नसते, हे भिंतीला अनेकदा ऐकावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पकड सापडेना, आणि दूध तर वर आलेलं. सासूबाईंनी कोटाची बाही पुढे ओढली, बोटांवर घेतली आणि त्या बाहीनेच पातेलं उतरवलं. धाकटीने ते दारातून पाहिलं आणि पाय न वाजवता मागे फिरली.

त्यानंतर तो महिना मजेत गेला. फाटल्याची बातमी या घरात पूर्वी कधी आनंदाने कोणी सांगितली नव्हती. एकदा धाकटी कारखान्यात सगळ्यांबरोबर डबा खात असताना नणंदेचा फोन आला. "वहिनी, अभिनंदन. खिसा फाटला." धाकटीने अत्यंत उत्सुकतेने विचारलं, की कुठून फाटला, तळातून की शिवणीतून, आणि तेव्हा आत काय होतं? डबा खाणारे तिच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी घरी आली की ती प्रत्येकाला मागे वळायला लावायची, हात वर करायला लावायची, डॉक्टरसारखी कोपरं दाबून बघायची. इतकी चौकशी तिने आमच्या तब्येतीची कधी केली नाही, असं सासरे म्हणाले, पण हात वर करतच होते.

महिना संपायच्या आदल्या दिवशी चार कोट कारखान्याच्या टेबलावर आले. या वेळी कोणी इस्त्री केली नव्हती.

मालकीणबाई आणि मास्तर दोन बाजूंनी वाकले. व्हॅनच्या किल्ल्यांनी नणंदेच्या खिशाचं अस्तर कुरतडून टाकलं होतं. थोरलीच्या कोटाची खालची कड मातीने जड झाली होती आणि तिथली शिवण ओढली गेली होती. बेकरीवाल्याच्या मनगटावर पीठ वाळून बाही पुठ्ठ्यासारखी झाली होती. सासऱ्यांच्या कोटाला बाकी कुठे काही नव्हतं, फक्त दोन्ही कोपरं आरशासारखी चकाकत होती. ते रोज सकाळी खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून येणारे-जाणारे बघत असत. एका महिन्यात त्यांनी रस्त्यावर किती काम केलं, याचा तो पुरावाच होता.

धाकटीने एकेक दोष सांगितला आणि त्यावर काय करता येईल तेही सांगितलं. खिशाचं अस्तर जाड हवं. खालची कड दुहेरी हवी. मनगटाची पट्टी अशी हवी, की मळली की उलटून लावता येईल. मास्तरांनी खडूने खुणा केल्या. मग ते मिश्किलपणे म्हणाले, की डिझायनरबाई, त्यापेक्षा आपणच इथे प्रत्येक कोटावर अर्धा कप चहा ओतून पाठवू, लोकांचे कष्ट वाचतील. मालकीणबाईंनी मान हलवली. पहिला डाग ज्याचा त्यालाच पाडू दे, म्हणाल्या. विकत घेतलेल्या डागाने कपडा आपला होत नाही.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, झिजतो कुठे ते कळलं. बाही सुटते, खिसा सुटतो, हेही मी पाहिलं, पण सोडवणाऱ्या तुम्ही, लावणारे मास्तर. उद्या असे हजारो कोट लोकांच्या अंगावर गेले आणि प्रत्येक जण बाही घेऊन आपल्या या एका टेबलाशी आला, तर कसं व्हायचं? ज्याचा कोट त्याला घरी बसून जमलं, तरच या सुट्या भागांना अर्थ. नाहीतर गेल्या वर्षीचा कोट काय वाईट आहे?

धाकटीने तर घरी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की फाटलं तर हात लावू नका, मला दाखवा.

"आणि पाचवा कोट?" मालकीणबाईंनी विचारलं.

पाचवा सासूबाईंचा. गेले चार दिवस त्या गारठा म्हणून कोटावरून शाल लपेटून वावरत होत्या आणि संध्याकाळच्या तपासणीलाही उभ्या राहत नव्हत्या. सकाळी धाकटीने तो मागितला होता, तेव्हा त्यांनी गारठा आहे, आत्ता कसा काढू, असं म्हणून तिला वाटेला लावलं होतं. तपासायचा असेल तर इथे येऊन तपासा म्हणावं, असंही त्या म्हणाल्या होत्या. धाकटीने हे वाक्य जरा मऊ करून सांगितलं. मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं. गिरणीला उद्या सकाळी कळवायचं होतं. त्यांनी पर्स उचलली आणि मास्तरांनाही चला म्हणाल्या.

दार सासऱ्यांनी उघडलं. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर उभ्या राहून वरच्या फळीवरचे डबे पुसत होत्या. कोट अंगावर होता, वरून शाल होती. मालकीणबाई आल्या आहेत असं धाकटीने सांगितलं, तेव्हा त्यांनी वरूनच या, बसा म्हटलं, पण कोटाच्या बटणाला हात लावला नाही. अंगावरच बघा, म्हणाल्या, आणि खाली उतरून, शाल बाजूला ठेवून दोन्ही हात पुढे केले.

उजवी बाही कोपरापर्यंत मूळच्या करड्या कापडाची होती. कोपराखाली ती निळी होती, आणि तिच्यावर इस्त्रीची एक जुनी, सरळ घडी होती.

धाकटीने डोळे मिटून उघडले. बाही निळीच होती.

चार दिवसांपूर्वी गॅसवर बाही करपली, असं सासूबाईंनी सांगितलं. धाकटीला सांगितलं असतं तर तिने कोट कारखान्यात नेला असता आणि परत कधी मिळाला असता कोण जाणे. म्हणून त्यांनी स्वतःच उसवली. मालकीणबाईंनी कसं जमलं ते विचारलं, तेव्हा सासूबाईंना त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना.

"शिवणीच्या टोकाला धागा दिसतच होता. ओढला, तर बाही सुटून हातात आली. ती पसरली, तशीच दुसरी कापली आणि जोडून टाकली. मालिका संपायच्या आत झालं."

"मशीनवर?"

"मशीन कुठलं? सुईने."

मास्तरांनी चष्मा लावून बाही हातात घेतली. टाके मोठे होते, कुठे तिरपे, कुठे एकावर एक आलेले. एका जागी कापड जास्त झालं म्हणून सरळ चिमटीत घेऊन टाचून टाकलं होतं. मास्तरांनी कोपरापाशी बाही दोन्ही हातांनी ताणली. पुन्हा जोर लावून ताणली. टाके हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मालकीणबाईंकडे पाहिलं. धाकटी त्या वाकड्या शिवणीवरून बोट फिरवत होती. गेली दोन वर्षं ती जे चित्र कागदावर काढत होती, ते कोणीतरी तिला न विचारता, तिच्या मदतीशिवाय आणि भलत्याच रंगात पुरं करून टाकलं होतं.

"कापड उद्या सांगते," मालकीणबाई म्हणाल्या. "खिसे आणि कड बदलून."

नणंदेने धाकटीच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली, की ती स्टुलावर आदळली. थोरलीने चहा टाकला. मालकीणबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या, आणि सासूबाईंना म्हणाल्या, की पहिल्या खेपेतला पहिला नवा कोट मी तुमच्यासाठी पाठवते.

"नवा नको," सासूबाई म्हणाल्या. "परत जपत बसावं लागेल."

अशी गिऱ्हाइकं मिळाली तर माझ्या कारखान्याला कुलूप लागेल, असं मालकीणबाई म्हणाल्या, पण तक्रारीच्या सुरात नाही. चहा आला. मास्तर अजून त्या निळ्या कापडाकडेच बघत होते. कापड चांगलं आहे, कुठून काढलंत, असं त्यांनी विचारलं. यांची एक जुनी पँट पडून होती, सासूबाई म्हणाल्या.

"जुनी नव्हती," सासरे म्हणाले.

मग ते मालकीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि तुमच्या कारखान्यात पँटीही शिवतात का, असं त्यांनी हळूच विचारलं.